गव्हाणीतला मेणाचा डबा

आमच्या दाजींइतका हट्टी माणूस अख्ख्या नगर जिल्ह्यात दुसरा नाही, आणि असलाच तर त्याच्याकडे पांढरी गाडी नाही. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. घोडेगावपासून चार मैलांवर त्यांची वस्ती. शेवटची बैलजोडी बाजारात विकली त्या साली त्यांनी ही गाडी घेतली आणि रिकाम्या गोठ्यात नेऊन बांधली. लावली म्हणायला हवं, पण त्यांचं वागणं पाहिलेला माणूस बांधली असंच म्हणेल. गव्हाणीत पेंडीच्या जागी मेणाचे डबे आले, आणि धुऊन धुऊन मऊ झालेल्या धोतरांची फडकी. ऊस गाळपाच्या दिवसांत कारखान्याची काजळी सगळ्या गावाच्या वाळवणावर बसते. दाजींच्या गाडीवर ती बसायलाही कचरते. वस्तीवरच्या लग्नाला नवरदेवासाठी गाडी मागितली तर त्यांनी दिली, पण फुलं चिकटपट्टीनं लावायला आलेल्या मंडळींना हाकलून लावलं. नवरदेव बोडक्या गाडीतून मांडवात उतरला. दसऱ्याला आक्का, म्हणजे माझी बहीण, बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक काढायला गेली, तर दाजींनी बॉनेटवर विड्याचं पान ठेवलं आणि म्हणाले, "ह्याच्यावर काढ. देवाला तेवढं कळतंय."

माझं घोडेगावात गाड्यांच्या सुट्या भागांचं दुकान आहे, त्यामुळे या प्रकरणात माझाही हात आहे. इतर गिऱ्हाइकं वॅक्स मागतात आणि मी देईन ते घेऊन जातात. दाजी मेण मागतात आणि दीड तास उभे राहतात. आधी डबा उघडून वास घेणार. मग चिमूटभर मेण मनगटावर चोळून उन्हात धरणार. बाटलीतलं पातळ वॅक्स दाखवलं की म्हणणार, "हे पाणी घातल्यालं दूध." फवाऱ्याचं दाखवलं की, "हे अत्तर. लग्नात लाव." एकदा मी ओरखडे घालवायचं पॉलिश पुढं केलं, तर दोन बोटांत चोळून त्यांनी ते माझ्या काउंटरवर परत ठेवलं. "मेव्हणीबाई, ह्यात रेती हाय. हे मेण न्हाई, हे सालटं काढतंय." खरंच होतं ते. त्या पॉलिशनं रंगाचा थर झिजतो, पण हे मला कंपनीच्या माणसानं सांगितलं होतं आणि दाजींना बोटांनी. शेवटी ते नेहमीचा घट्ट मेणाचा चपटा डबाच उचलणार. मग दीड तास कशाला, असं विचारलं तर म्हणतात, "बाजारात गेल्यावर समदी जनावरं बघावी लागत्यात."

वर्षातून चारदा ते गाडीला मेण लावतात, पण मोठा सोहळा पोळ्याच्या आदल्या दिवशी. त्या दिवशी आमच्याकडे खांदेमळणी असते. वर्षभर जू वाहिलेल्या बैलांचे खांदे हळद-तुपानं चोळतात. बैल गेले, तेव्हापासून दाजी त्या दिवशी गाडी चोळतात. का, असं मी एकदा विचारलं. "हाताला सवय हाय," एवढंच बोलले. लोक हसतात. हसू देत. हसणाऱ्यांच्या गाड्या तीन वर्षांत विटतात, आणि दुरुस्तीला माझ्या दुकानाच्या दारात येतात.

या वर्षी मात्र दोन गोष्टी एकदम आल्या. गाडीचं आरटीओचं पासिंग आलं, आणि दाजींचा उजवा खांदा आखडला. हात कानापर्यंतसुद्धा जाईना. पुण्याच्या भाच्यानं, म्हणजे आक्काच्या मुलानं, फोनवर ठणकावून सांगितलं, "पप्पा, पासिंगला नापास झाली की सरळ भंगारात. मी नवी आणतो. तिला असं कोटिंग करून देतो, की पाच वर्षं हात लावायला नको."

"ज्याला हातच लावायचा न्हाई, ते दारात कशाला आणायचं?" दाजी म्हणाले आणि फोन आक्काकडे दिला.

पासिंगची दाजींना मुळीच काळजी नव्हती. "अगं, जनावर उभं केलं की आदी कातडी बघत्यात. चमकतंय म्हंजी खातंय. खातंय म्हंजी चालतंय." मी म्हटलं, "दाजी, साहेब ब्रेक बघतो." त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी आयुष्यात बैलच पाहिला नसावा. ब्रेक करून घ्या म्हटलं तर मिस्त्री नको. का, तर त्याचे हात तेलकट असतात.

मी वाद घालत बसले नाही. दाजी खांदा दाखवायला एसटीनं नगरला गेले त्या दिवशी आक्कानं चावी दिली, मी मिस्त्री घेऊन गेले. त्याला अंगठी आणि घड्याळ काढायला लावलं, पट्ट्याचं बकल पुढून मागं फिरवायला लावलं, आणि ब्रेक, दिवे, धूर, सगळं नीट करून घेतलं. संध्याकाळी दाजींचा फोन. "बॉनेटच्या कडेला कुनाचं तरी बोट उमटलंय."

"मांजर असेल," मी म्हटलं.

खांदेमळणीच्या दिवशी दुपारी दुकान बंद करून गेले. दाजी गोठ्यात उलट्या बादलीवर बसून डाव्या हातानं मेण लावत होते. गाडीच्या दारावर मेणाचे नुसते ढग उठले होते. मी फडकं ओढून घेतलं. "तुला जमायचं न्हाई," म्हणाले, पण फडकं सोडलं. मग दोन तास सूचना. "जोर कशाला लावतीस, पातेली घासतीस का? पातळ लाव. भाकरीला तूप लावतीस तसं. न्हाई, तू लई लावतीस. आक्का लावती तसं लाव." मेण सुकून पांढरट झालं, की बोट ओढून बघायचं. माखलं तर थांबायचं, स्वच्छ निघालं तर पुसायचं. मी पुसत गेले. बॉनेटमध्ये गोठ्याचं छप्पर दिसायला लागलं, मग छपरातली भोकं, मग माझं घामेजलेलं तोंड.

इतक्यात आक्का हळद-तुपाची वाटी घेऊन आली. बैल नसले तरी ती दरवर्षी गोठ्याच्या मेढीला, मधल्या खांबाला, बोट लावून शास्त्र करते. या वर्षी ती मेढीपाशी गेलीच नाही. दाजींच्या मागं बसली, सदऱ्याची बटणं सोडली आणि उजवा खांदा चोळायला लागली.

"मी काय बैल हाय व्हय?"

"बैल असता तर सांगितल्यालं ऐकलं असतं."

दाजी डोळे मिटून बसले. मी मागचं चाक पुसत राहिले, ते आधीच पुसून झालं होतं तरी.

पासिंगला गाडी मी चालवत नेली, दाजी शेजारी बसले. साहेबांनी ब्रेक तपासले, दिवे तपासले, धूर तपासला. रंगाकडे ढुंकून पाहिलं नाही. गाडी पास झाली. भाच्याला फोनवर दाजींनी सांगितलं, "कातडी बघितली, सोडली." मी गाडी सुरू केली. परतताना घोडेगावच्या अलीकडे मी जरा जोरात ब्रेक दाबला, तेव्हा ते खिडकीबाहेर बघत म्हणाले, "मांजराला सांग, ब्रेक झकास बसलाय."

खांदा अजून तसाच आहे. डॉक्टर म्हणतात वर जाईल, कधी ते सांगत नाहीत. पुढच्या खांदेमळणीला गेला वर तर दाजी लावतील, नाही गेला तर मी. नवा डबा मी आत्ताच गव्हाणीत ठेवून आलेय. आधी वास घेऊन, मनगटावर चोळून, उन्हात धरून.