आधी काशीबाईची घागर

गंगाधरमामा गेल्याचा फोन आला तेव्हा मी बीडच्या स्टँडवर गेवराईच्या एसटीत बसले होते, त्यांनाच भेटायला निघालेली... शेजारच्या बाईंनी काही न विचारता पाण्याची बाटली पुढं केली. त्याला पाच आठवडे झाले. आता रडू येत नाही. आठवण आली की हसूच येतं, आणि मामांनाही तेच आवडलं असतं.

मामा गावच्या दूध सोसायटीत दूध मोजायचे. ही नोकरी त्यांना चेअरमन बापूंच्या शब्दावर मिळालेली. बापू म्हणजे गावाचे मायबाप, त्यांच्या चिठ्ठीशिवाय पान हलत नसे. मामा दर पाडव्याला त्यांच्या पाया पडून येत. पण डेअरीत बापूंचा कॅन उशिरा आला, तर तोही रांगेत मागं. "आलं तसं घ्यायचं," एवढंच मामांचं शास्त्र.

त्या दुष्काळात मी आजोळीच होते. जनावरं छावणीत, आड कोरडे, यंदा सप्ताह करायचा की नाही इथूनच घोळ. बापूंनी टँकर देतो म्हटल्यावर सगळ्यांना धीर आला. पत्रकावर 'प्रमुख आश्रयदाते' म्हणून त्यांचा फोटोही छापला. पंगतीआधी भोंग्यावर अन्नदात्यांची नावं वाचायचं काम दरवर्षी मामांचं. बापू पुढच्या सतरंजीवर फेटा बांधून बसलेले. मामांनी वही उघडली आणि खणखणीत आवाजात सुरू केलं, "काशीबाई, पाण्याची एक घागर!" ऊसतोडीहून नुकतीच परतलेली काशीबाई तोंडाला पदर लावून हसायला लागली. मग कुणाचं मीठ, कुणाच्या पत्रावळ्या... बापूंचं नाव नववं आलं. तोवर त्यांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता.

पंगत उठताच त्यांनी मामांना बाजूला घेतलं.

"माझं नाव मागं कावून, गंगाधर?"

"तुमचा टँकर नववा आला, बापू. काशीबाई सगळ्यात आधी आलती."

"उद्यापासून डेअरीत येऊ नको."

मामांनी कमरेची चावी काढून त्यांच्या हातात दिली. घरी मामींनी कपाळावर हात मारला. पोरं लहान, शेत कोरडं आणि वर हा बाणा! मामा आतून पार घाबरले होते. तसं त्यांनीच मला पुढं कबूल केलं.

चौथ्या दिवशी बापू स्वतः चावी घेऊन दारात. "पैलं कोणाचं घ्यायचं म्हणून लोक भांडायलेत बे. तुझं तूच बघ." मामींनी लगबगीनं चहा टाकला. पुढच्या पाडव्याला मामा नेहमीसारखे पाया पडायला गेले.

गेल्या आठवड्यात सप्ताहाला मामांची वही माझ्याकडं आली. चाळून पाहिली. वर्षानुवर्षांची नावं, त्यात मामांचं एकदाही नाही. बापू आता थकलेत, पण काठी टेकत सगळ्यांच्या आधी आले. मी त्यांचं नाव लिहायला घेतलं, तर त्यांनी वहीवर हात ठेवला.

"थांब. पैलं त्याचं लिही. सतरंज्या टाकायला तो समद्यांच्या आधी यायचा."

"काय दिलं म्हणून लिहू?"

बापूंनी वहीवरचा हात काढून घेतला. "ते मोकळंच राहू दे," म्हणाले. यंदा आडाला पाणी आहे, तरी काशीबाई घागर घेऊन आलीच होती. बापूंनी तिला पुढं केलं आणि स्वतः तिच्या मागं उभे राहिले.

भोंग्यावर मी वाचलं, "गंगाधरमामा." पुढं काही लिहिलेलं नव्हतं. जरा थांबले, आणि मग म्हटलं, "काशीबाई, पाण्याची एक घागर."