नंद्याचे पाय आणि एक गाडी

चार मित्र दर रविवारी मोटारसायकली काढून एकत्र फिरायला लागले की किस्से काही मुद्दाम जमवावे लागत नाहीत. गाडीवर धूळ बसते तसे ते आपोआप बसतात. आमच्या लोणावळ्याच्या ग्रुपमधली निम्मी धूळ एकट्या नंद्याची!

नंद्या म्हणजे नंदकुमार. बँकेत आहे. उंची सहा फूट पाच इंच, आणि त्यातली बहुतेक सगळी पायांत. खुर्चीवर बसला की तुमच्या-माझ्याएवढाच दिसतो. उभा राहायला लागला की मात्र बराच वेळ उभाच राहत असतो!

त्याची जुनी गाडी साधी, ऑफिसला जायची. हँडल वळवलं की ते गुडघ्याला अडायचं. म्हणून प्रत्येक वळणाआधी नंद्या त्या बाजूचा पाय बाहेर काढायचा. खंडाळ्याच्या घाटात तर हा कार्यक्रम सतत चालू.

एकदा त्याचा इंडिकेटर बंद पडला. चहाच्या टपरीवर आम्ही त्यावरून त्याला झापत होतो, तेवढ्यात शेजारी उभा असलेला कामशेतचा एक टेम्पोवाला म्हणाला, "ऱ्हाऊ द्या हो सायेब! तुमी पाय काडला की आमाला मागं बरोबर कळतंय."

*

एकदा घरी परतल्यावर नंद्याला जिना चढवेना. डॉक्टरांनी दोन्ही गुडघे दाबून पाहिले, गाडी कुठली ते विचारलं आणि म्हणाले, "गुडघे बदलायला अजून वेळ आहे. आधी गाडी बदला!"

गोष्ट हसण्यावारी नेण्यासारखी नव्हती. लग्न ठरलं तेव्हाच नंद्याने शुभदाला, म्हणजे आमच्या वहिनींना, शब्द दिला होता की तुला गाडीवरून कन्याकुमारीला नेईन. दरवर्षी काहीतरी आडवं यायचं, आणि आता त्याचे स्वतःचे गुडघेच आडवे आले. वहिनी भांडणाऱ्यातल्या नाहीत. त्या एवढंच म्हणाल्या, "या दिवाळीच्या सुट्टीत जमलं तर बघा. नाहीतर मी आईबरोबर रेल्वेने जाऊन येते. मग मात्र तो विषय बंद."

नंद्याने त्याच दिवशी गाडी बदलायचं ठरवलं. विषय बंद झालेला त्याला चालणार नव्हता.

*

टूरिंगची, म्हणजे लांबच्या प्रवासाची गाडी शोधायचं काम दिगंबरने अंगावर घेतलं. कुणी सांगितलं नव्हतं. दिगंबर आमच्यातला तज्ज्ञ. त्याने चालवलेल्या गाड्या दोन, पण व्हिडिओ पाहिलेल्या सगळ्या!

त्याने नंद्याला फोन केला. "सीटची उंची तुझ्या पायांशी जुळवायची आहे. टेप घेऊन स्वतःचं स्वतः मोजू नकोस, चुकतं. सरळ टेलरकडे जा आणि आतल्या बाजूने पायाचं माप घेऊन ये."

नंद्या बाजारातल्या टेलरकडे गेला. टेलरने माप घेतलं, मग विचारलं, "कापड?" आता गाडीसाठी पाय मोजून घेतोय हे सांगायची नंद्याला लाज वाटली. शेजारच्या दुकानातून कापड घेऊन आला. टेलर म्हणाला, "खिसे?" हा म्हणाला, "दोन."

पुढच्या रविवारी दिगंबरने विचारलं, "काय आणलंस?"

नंद्याने पिशवी पुढे केली. "पँट!"

*

मग तळेगावच्या एका शोरूमच्या वाऱ्या सुरू झाल्या. तिथला सेल्समन गोड बोलणारा. नंद्या एका गाडीवर चढला, त्याचे गुडघे पार टाकीच्या वर आले, तरी हा आपला विचारतोय, "मग सर, बजेटमध्ये बसते ना?"

"बजेटमध्ये ती बसते हो," नंद्या म्हणाला, "तिच्यावर मी बसत नाही!"

*

दुसऱ्या एका गाडीला समोर मोठी काच होती. "वारा लागणारच नाही सर," सेल्समनने छातीठोक सांगितलं. खरंच होतं ते. दिगंबरला लागला नाही, मला लागला नाही. काच तो सगळा वारा गोळा करून नेमका नंद्याच्या बाहेर आलेल्या गुडघ्यांवर पाठवत होती.

तीच गाडी फिरवायला घेऊन आम्ही भाजे गावापर्यंत गेलो. तिथे शिवराम आबांच्या टपरीवर आमचा नेहमीचा चहा. आबांचं मत आम्हाला लागतंच. नंद्या गाडीवरून न उतरता दोन्ही पाय जमिनीला टेकवून ऐटीत बसला. "आबा, गाडी कशी वाटते?"

आबांनी भांडं खाली ठेवलं, पुढून पाहिलं, मागून पाहिलं.

"आदी उतरा तरी! तुमी वर बसल्याव गाडी दिसतीय कुटं?"

*

शेवटी एक सापडली. लांबलचक, ठेंगणी, पाय पुढे पसरून बसायची. नंद्या बसला आणि गुडघे पहिल्यांदाच सुटसुटीत झाले. वडगावपर्यंत जाऊन आला, हसतच उतरला. दिगंबरने सगळे आकडे तपासून जाहीर केलं, "हीच!" मला तर भरूनच आलं. गडी वर्षभर पाय चोळत बसला होता.

पैसे भरायच्या दिवशी वहिनीही आल्या. वहिनी पाच फुटांना थोड्या कमी. नंद्याने त्यांना मागे बसवून एक चक्कर मारली. "कशी आहे?" आम्ही विचारलं. "छान आहे की," वहिनी म्हणाल्या. तेवढंच.

कागद तयार व्हायला वेळ होता. सेल्समन म्हणाला, "तोवर मॅडम, ती दुसरी पण बघून घ्या ना." ती म्हणजे उंच टूरिंगची गाडी. मागची सीट पुढच्यापेक्षा चांगलीच वर. नंद्याने ती आधीच बाद केली होती, कारण गुडघे थोडे दुमडायचे. तरी वेळ घालवायचा म्हणून दोघं गेले.

बराच वेळ आले नाहीत. दिगंबर म्हणाला, पेट्रोल संपलं असणार.

आले तेव्हा वहिनी उतरेचनात. हेल्मेटची काच वर केली. डोळे भरलेले आणि तोंडभर हसू!

"अहो, रस्ता दिसतो!"

आम्हाला काही कळेना.

"लग्न झाल्यापासून मी फक्त यांची पाठ बघतेय हो. महाबळेश्वरला गेलो, पाठ. गोव्याला गेलो, पाठ. आज यांच्या खांद्यावरून सगळं दिसलं. डोंगर, गाड्या, समोरून येणारं वळण... वळण आधी दिसतं, ते माहीतच नव्हतं मला!"

नंद्या गाडीवर तसाच बसून होता. दिगंबर पुढे झाला. गाड्यांच्या आकड्यांची त्याची यादी अजून हातात होती.

"अरे नंद्या, पण गुडघे?"

"गुडघ्यांचं मी बघतो रे," नंद्या म्हणाला. "तिला रस्ता बघू दे."