तिसऱ्या थापेआधी

जुन्या जपानी कुस्त्या बघून त्यांच्यावर लिहायचा मला नाद आहे. वाचणारे मोजकेच. काल असाच एक जुना सामना लावला होता. पंचाने मॅटवर दोनदा हात आपटला आणि तिसऱ्या थापेआधी खाली पडलेल्या पैलवानाने खांदा उचलला. लोक बेभान ओरडले. मला मात्र धुळ्याच्या घरातली एक दुपार आठवली.

माझे वडील, नाना, तालमीतले पैलवान. त्या दुपारी ते शेजारी बसून हाच सामना बघत होते. अंगाला तिळाच्या तेलाचा वास. पैलवानाची पाठ टेकली तसे ते उठून चपला शोधायला लागले.

"नाना, थांबा. तीन थापा पडेपर्यंत खांदा उचलता येतो."

"पाठ लागी गयी ना? मंग सरनी कुस्ती. आते उठीसन काय करस तो?"

मी हसलो. त्यांच्या तालमीत पाठ टेकली की कुस्ती संपली. नाना झोपायचेसुद्धा कुशीवर. तापाने फणफणले तरी पाठ जमिनीला लावायचे नाहीत.

पुढे नाना वारले तेव्हा लोकांनी त्यांना बैठकीत उताणं निजवलं. मला ते बघवेना. मी त्यांच्या खांद्याखाली हात घातला आणि खांदा जरासा उचलून धरला. त्यांचे तालमीतले जोडीदार आबा शेजारी येऊन बसले. माझ्या मनगटावर हात ठेवून हळूच म्हणाले, "सोडी दे भाऊ आते. सरनी कुस्ती."