बलस्थानं झोपली आहेत

आमच्या विभागप्रमुख बाईंइतकी निर्दय बाई पुण्यात दुसरी नसेल, असं त्यांना पहिल्यांदा भेटणाऱ्या प्रत्येकाला वाटायचं. त्यांच्या हाताखाली उमेदीची वर्षं काढलेल्या मलाही ते अधूनमधून वाटायचंच. आमचा विभाग विद्यापीठातला, मानव विकास आणि कुटुंब अभ्यासाचा. त्याला जोडून एक बालवाडी होती. कामाला जाणाऱ्या आयांची मुलं तिथे संध्याकाळपर्यंत असायची आणि त्यांना बघत बघत आमच्या विद्यार्थिनी शिकायच्या. तिथे बाईंचा एकच नियम: हात मागे. मूल चप्पल उलटी घालो की पाणी सांडो, मोठ्या माणसानं हात पाठीशी बांधून उभं राहायचं आणि त्याचं त्याला करू द्यायचं. नियम चांगलाच होता, पण बाई तो वयाची अट न ठेवता पाळायच्या. एकदा मंडईत माझी पिशवी फाटली आणि टोमॅटो चहूकडे पळाले. मी हमालांची बोलणी खात ते गोळा करतेय आणि बाई शेजारी हात मागे बांधून उभ्या. "आधी लांबचे उचललेत," त्या म्हणाल्या, "छान." घरी यजमानांच्या हातून दूध उतू जातानाही त्या ओट्याशी अशाच उभ्या असायच्या. यजमान मला म्हणाले होते, "अहो, मला हार्ट अटॅक आला ना, तर ही आधी बघेल, मी स्वतः रिक्षा थांबवतो का."

मग शहरात जो तो कॉम्प्युटरच्या क्लासला धावू लागला, हडपसरच्या शेतांत काचेच्या इमारती उभ्या राहिल्या आणि विद्यापीठाला आमची जागा दिसू लागली. विभाग ठेवायचा की संगणकाच्या अभ्यासक्रमाला जागा द्यायची, हे ठरवायला समिती येणार होती. मी व्यवहारी बाई. म्हटलं, मुलांचा एखादा नाच बसवू, पाहुण्यांना गुलाब देऊ. "मुलं पाहुण्यांसाठी नाचत नाहीत," बाई म्हणाल्या. समिती आली ती नेमकी मुलांच्या झोपेच्या वेळेला. अध्यक्षांनी फाइल उघडून विचारलं, "मॅडम, आपल्या विभागाची बलस्थानं कोणती?"

"बलस्थानं आत्ता झोपली आहेत," बाई म्हणाल्या. "उठल्यावर या."

ते काही परत आले नाहीत. विभाग बंद केल्याचं पत्र आलं, तेव्हा बाईंनी कुलसचिवांना फोन लावला. "मानवाचा विकास पूर्ण झाला, असं समजू का?" पलीकडून फोन ठेवला गेला. मी हसले. बाई हसल्या नाहीत.

शेवटच्या दिवशी आया मुलांना न्यायला आल्या. त्यांत पिंकीची आई होती. यवतमाळकडची, नवरा गावीच राहिलेला. ती बिबवेवाडीत एका खोलीत राहायची आणि हडपसरच्या कारखान्यात पॅकिंगला जायची. तिनं विचारलं, "बाई, उद्यापासून हिले कुठं ठेवू जी?" बाई हात मागे बांधून उभ्या होत्या. पिंकीची आई मुलीला घेऊन गेली.

आम्हाला त्याच इमारतीत 'व्यक्तिमत्त्व विकास' शिकवायला लावलं, म्हणजे कंपनीच्या मुलाखतीत हसायचं कसं ते. महिन्याभरानं बाई म्हणाल्या, "चला, बिबवेवाडीला जाऊन येऊ." खोलीला बाहेरून कुलूप होतं. आत, खिडकीच्या गजांशी पिंकी बसली होती.

"आई कुठे गेली गं?" बाईंनी विचारलं.

"ड्युटीले."

"कधी येते?"

"अंधार झाला का."

कुलपाबाहेर आम्ही दोघी, मानव विकासातल्या दोन पदव्युत्तर बायका. बाई पायरीवर बसल्या आणि गजांमधून पिंकीशी बोलत राहिल्या. तिनं फ्रॉकचं बटण लावून दाखवलं. "वरचं राहिलं," बाई म्हणाल्या. तिनं तेही लावलं. दिवे लागल्यावर आई आली. आम्हाला पाहून तिची मान खाली गेली. "समोर गाड्या असतात, म्हणून कुलूप लावतो जी."

"दुसरी किल्ली करून घ्या," बाई म्हणाल्या. "आजच."

"कोणासाठी जी?"

"माझ्यासाठी."

आमच्या जागेत पुढे संगणक आले, एसी आला. हसण्याचा तास संपला की बाई पर्स उचलून दुपारीच बाहेर पडायच्या. एकदा जिन्यात नव्या प्रमुखांनी त्यांना अडवलं. "मॅडम, इतक्या लवकर कुठे निघालात?"

"विभागात," बाई म्हणाल्या आणि खाली उतरल्या.