आत्यांचे पंचवीस हजार तास

आमच्या आतेसासूबाईंची नजर चुकवून आमच्या गावातला एकही बल्ब आजवर सुखानं मेलेला नाही. इतरांच्या घरी बल्ब गेला की माणूस 'गेला वाटतं' म्हणतो, दुसरा आणून लावतो आणि जुना कचऱ्यात टाकून मोकळा होतो. आत्यांच्या घरी बल्ब गेला की आधी भिंतीवरच्या घड्याळात वेळ बघितली जाते. मग स्टुलावर चढून त्याला दोन्ही हातांनी अलगद उतरवलं जातं, कानाशी धरून हलवलं जातं आणि त्यानंतर रीतसर चौकशी सुरू होते. कधी आणला, कोणी लावला, रोज किती तास जळायचा, जायच्या आधी लुकलुकत होता का. मी लग्न होऊन कोपरगावहून कर्जत तालुक्यातल्या या गावात आले, तेव्हा पहिल्याच आठवड्यात आमच्या न्हाणीघरातला बल्ब गेला. शेजारच्या घरातून आत्या तीरासारख्या आल्या. नव्या सुनेला त्यांनी विचारलेला पहिला प्रश्न होता, "तू बटण दाबलंस तवा गेला, का आधीच गेल्ता?" माझ्यावर कसला तरी आळ येतोय असं वाटून मी घाबरून म्हणाले, "आधीच गेला होता हो." "मग ठीक हाय," आत्या म्हणाल्या आणि मला ओलांडून स्टूल शोधायला आत गेल्या.

आत्या म्हणजे माझ्या सासऱ्यांची थोरली बहीण. त्यांनी लग्न केलं नाही, आणि का केलं नाही हे त्यांना विचारायची आमच्या घरात कुणाची छाती झाली नाही. चाळीस वर्षं त्यांनी आसपासच्या चार गावांतल्या बायकांचे ब्लाउज शिवले. शिवणाऱ्या माणसाचं सगळं उजेडावर चालतं, त्यामुळे एलईडी बल्ब गावात आले तेव्हा सगळ्यात आधी ते आत्यांच्या घरी लागले. खोक्यावर लिहिलं होतं, 'पंचवीस हजार तास'. बाकी कुणी ते वाचलंही नसेल. आत्यांनी ते शपथेसारखं घेतलं. रोज पाच तास धरले तर हा बल्ब तेरा वर्षांहून जास्त चालला पाहिजे, असा हिशेब त्यांनी मांडला, आणि पहिला बल्ब आठव्या महिन्यात गेला तेव्हा त्यांना जवळच्या माणसानं शब्द मोडल्यासारखं वाईट वाटलं. तेव्हापासून प्रत्येक बल्बच्या बुडाशी त्या पेनानं तारीख घालतात आणि मापाच्या वहीत नोंद ठेवतात. डाव्या पानावर ब्लाउजची मापं, उजव्या पानावर बल्ब. एकदा एका गिऱ्हाईक बाईनं स्वतःचं माप बघायला वही उघडली आणि ती भडकलीच. तिच्या नावासमोर लिहिलं होतं, 'नऊ महिने बरी चालली, मग डोळे मिचकवाय लागली.' ती नोंद ओसरीवरच्या एलईडी पट्टीची होती, हे समजावून सांगेपर्यंत चहा दोनदा झाला.

मेलेला बल्ब त्या उघडूनही बघतात. पांढरी टोपी सुरीनं उचकटली की आत गोल पत्र्यावर पिवळे ठिपके दिसतात. त्यातल्या एखाद्यावर काळा डाग पडलेला असतो. "ह्यो बघ," त्या तो डाग मला नखानं दाखवतात. "बाकीचे आठ धडधाकट हायेत. ह्यो एक गेला म्हून सगळे बसले." हे सांगताना त्यांच्या आवाजात आठ जणांबद्दल खरोखरीची हळहळ असते. बल्ब उष्णतेनं मरतो हेही त्यांनी असंच उघडून उघडून शोधलं, आणि त्या दिवसापासून काचेच्या बंद झुंबरांशी त्यांचं वैर जडलं. माझ्या माहेरी वास्तुशांत होती. भावानं हौसेनं दिवाणखान्यात काचेचे गोळे लावले होते. सत्यनारायणाची कथा चालू असताना आत्या वर बघत बसल्या होत्या. आरती झाल्या झाल्या त्यांनी खुर्ची ओढली, पदर खोचला आणि पाहुण्यांदेखत पाचही गोळे उतरवून ठेवले. "गुदमरत हुते," त्यांनी माझ्या आईला सांगितलं. आईनं प्रसाद पुढे केला. दुसरं काय करणार?

बाजारपेठेत रफिकभाईंचं इलेक्ट्रिकचं दुकान आहे. आत्या तिथे बल्ब घ्यायला जातात तेव्हा पिशवीत दोन रिळं असतात, एक काळ्या दोऱ्याचं आणि एक गर्द निळ्या दोऱ्याचं. बल्ब लावायचा, त्याखाली दोन्ही दोरे धरायचे. ज्याच्या उजेडात दोन्ही एकसारखे दिसतात तो नापास. मग मोबाईलचा कॅमेरा बल्बवर धरायचा. पडद्यावर पट्टे पळताना दिसले की तोही नापास. रफिकभाईंनी या परीक्षेसाठी गल्ल्याशेजारी एक होल्डरच कायमचा बसवून घेतला आहे. माणूस अत्यंत सोशिक. गॅरंटीतला बल्ब गेला की आत्या खोकं आणि पावती घेऊन हजर होतात आणि ते मुकाट्यानं बदलून देतात. एकदाच काय ते म्हणाले होते, "आत्या, ते पंचवीस हजार तास कंपनीत मोजत्यात. आपल्या हितल्या लाइटीवर न्हाई." आत्यांनी त्यांच्याकडे रोखून पाहिलं. "मग तसं खोक्यावर लिव्हायचं."

गेल्या वर्षी थंडी पडायला लागली तसे आमच्या गल्लीतले बल्ब जायला लागले. आत्यांकडे तीन आठवड्यांत चार गेले, आमच्याकडे तीन. आत्या पहिल्यांदा रफिकभाईंकडे गेल्या, दुसऱ्यांदा गेल्या, आणि तिसऱ्यांदा मात्र भर बाजारात, चार गिऱ्हाइकांसमोर त्यांना बोलल्या. "दुय्यम माल भरतोस आणि वर कंपनीचं नाव लावतोस!" रफिकभाईंचा चेहरा पडला. बल्ब त्यांनी बदलून दिला, पण हळू आवाजात म्हणाले, "आत्या, माल खराब आसता तर सगळ्या गावातनं परत आला आसता. ह्यो फक्त तुमच्याच गल्लीतनं यायलाय."

आत्या घरी आल्या. चहाही नको म्हणाल्या. मग मापाची वही घेऊन उठल्या आणि घराघरांत जाऊन विचारत सुटल्या. दोन दिवसांत चित्र स्पष्ट झालं. आमच्या रांगेतल्या चार घरांत मिळून अकरा बल्ब गेले होते. समोरच्या रांगेत एकही नाही, पण तिथल्या बायका म्हणत होत्या की सकाळी दिवे फार मंद होतात. समोरची घरं नवी, घरोघरी गिझर. आमच्या रांगेत अजून बंब पेटतात. दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता आत्या शाल गुंडाळून गल्लीच्या मधोमध उभ्या राहिल्या आणि दोन्हीकडे बघत राहिल्या. मग मला हाक मारली. "समोरचे बघ. मंद झाले का न्हाई? आता आपले बघ." आमच्या ओसरीवरचा बल्ब डोळ्यांत खुपावा असा पेटला होता. "त्यांचे बसले की आपले भडकत्यात," आत्या म्हणाल्या. "बल्बात खोट न्हाई. लाइनीत हाय."

मी म्हणाले, "जाऊ द्या ना आत्या, बल्बच तर आहेत." त्यावर त्यांनी आमच्या पलीकडच्या घराकडे बोट केलं. तिथे सुमनकाकू आणि काका राहायचे. काका एसटीत ड्रायव्हर होते. फुप्फुसं कामातून गेल्यामुळे ते तेव्हा वर्षभरापासून ऑक्सिजनच्या मशीनवर होते, आणि ते मशीन आमच्याच रांगेतल्या लाइटीवर चालत होतं. त्या आठवड्यात ते दोनदा पी-पी करून आपोआप बंद पडलं होतं. काकूंना वाटलं, बटण सैल झालं असेल. "आज बल्ब जायलाय," आत्या म्हणाल्या. "उद्या ते जाईल." मी कागद-पेन घेऊन अर्ज लिहायला बसले.

वीज कार्यालयातले साहेब तरुण होते आणि बोलायला गोड. माझ्या अक्षरातला अर्ज आणि सोबतची अकरा बल्बांची तारीखवार यादी त्यांनी वाचली आणि हसून म्हणाले, "आजी, चांगल्या कंपनीचे बल्ब घ्या की." आत्या म्हणाल्या, "बल्ब चांगलेच हायेत. लाइट वाईट हाय." साहेबांनी माणूस पाठवतो म्हणून सांगितलं. "मग मी बसते," म्हणून आत्या बाकावर बसल्या. पिशवीतून ब्लाउज काढला आणि हुकं लावायला लागल्या. संध्याकाळी कार्यालय बंद झालं तेव्हा उठल्या, सकाळी उघडलं तेव्हा पुन्हा हजर. तिसऱ्या दिवशी एका कारकुनाच्या शर्टाचं बटण तुटलं, ते आत्यांनी लावून दिलं. मग दुसऱ्या एकानं उसवलेली बाही आणली. "देते टाका घालून," आत्या प्रत्येकाला म्हणायच्या, "पर वायरमन कधी येतोय?" चौथ्या दिवशी साहेबांनीच वायरमनला पुढे घातलं.

तो आला सकाळी अकराला. पन्नाशीचा, अनुभवी माणूस. आमच्या घरात दाब मोजायचं मीटर लावून म्हणाला, "दोनशे तीस. एकदम बराबर हाय, आत्या." आणि मीटर पिशवीत टाकून निघाला. सकाळी सातला येऊन बघा, असं आत्यांनी सांगितलं. तो म्हणाला, "सातला माझी ड्युटी नसतीया." आत्यांनी क्षणभर विचार केला. "ठीक हाय. परवा अकरालाच या. मी सात वाजलेले अकराला आणते."

पुढचा दीड दिवस आत्या समोरच्या रांगेत फिरत होत्या. तिथल्या बायकांना यात रस नव्हता, त्यांचे बल्ब कुठे जात होते? एकीनं तसं म्हटल्यावर आत्या म्हणाल्या, "तुझी बाही तीनदा उसवून दिली हुती मी. तू परवा अकराला अर्धा तास गिझर लाव, दुसरं काय मागत न्हाई." ठरल्या दिवशी सकाळी आत्यांनी आधी काकांना घरात ठेवलेल्या ऑक्सिजनच्या सिलिंडरवर घेतलं आणि मशीनची पिन स्वतःच्या हातानं काढली. आमच्या रांगेतले फ्रिज, टीव्ही सगळं बंद करवलं. फक्त स्वतःच्या ओसरीवर एक कोरा बल्ब लावला, बुडाशी त्या दिवसाची तारीख घालून. वायरमन मीटर धरून त्याच्याखाली उभा राहिला. आत्या गळ्यात टेप अडकवून गल्लीच्या मध्यभागी गेल्या, हात वर केला आणि ओरडल्या, "लावा गं!"

समोर सात गिझर, चार इस्त्र्या आणि दोन पाण्याच्या मोटरी एकदम सुरू झाल्या. वायरमनच्या मीटरवरचा आकडा चढायला लागला. दोनशे साठ, दोनशे नव्वद. बल्ब पांढराशुभ्र पेटला. तीनशेच्या पुढे आकडा गेला आणि टक् असा बारीक आवाज होऊन बल्ब विझला. "बंद करा! समदं बंद करा!" वायरमन ओरडत गल्लीत धावला. आत्या जागच्या हलल्या नव्हत्या. "किती झाले?" त्यांनी विचारलं. वायरमन तोवर ट्रान्सफॉर्मरची डीपी बंद करायला पळाला होता.

खांबावर चढून तो बराच वेळ वरच होता. उतरला तेव्हा त्याच्या हातात तारेचा एक जळका तुकडा होता. समोरची रांग एका फेजवर, आमची दुसऱ्या फेजवर, आणि परतीची तार मात्र दोघांना एकच, असं त्यानं आम्हाला समजावलं. तिचा जोड जळून तारेच्या चार बारीक काड्यांवर लटकत होता. म्हणून समोरचा भार वाढला की आमच्याकडे दाब चढायचा. "ह्या चार काड्या तुटल्या आसत्या ना," तो म्हणाला, "तर तुमच्या रांगेत काहीच ऱ्हायलं नसतं." सुमनकाकू दारात उभ्या होत्या. त्यांनी एकदा त्या तुकड्याकडे पाहिलं, एकदा आत, काकांकडे, आणि तिथेच उंबऱ्यावर बसून रडायला लागल्या. आत्या त्यांच्याजवळ गेल्या आणि म्हणाल्या, "रडू नगंस. उठ, मशीन लावायचंय."

दुपारी जोड नवा झाला. संध्याकाळी आत्या इस्त्रीची साडी नेसल्या आणि मला बरोबर घेऊन रफिकभाईंच्या दुकानात गेल्या. गर्दीची वेळ होती. आत्यांनी ती गर्दी आणखी थोडी वाढू दिली. मग सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "रफिक, तुझे बल्ब चांगले हुते. मी उगाच बोलले. चारचौघांत बोलले, म्हून चारचौघांत सांगते." रफिकभाई इतके गडबडले की त्यांनी हातातलं वायरचं भेंडोळं खाली टाकलं. "आवो आत्या, आसं काय करता," एवढंच ते म्हणत राहिले. मग आत बघून त्यांनी चहा सांगितला. आम्ही तो उभ्यानं प्यालो.

काका उन्हाळ्यात गेले. लाइटीमुळे नाही, त्यांच्या आजारानंच, घरी, काकूंचा हात हातात असताना. शेवटपर्यंत मशीन नीट चाललं. तेराव्यानंतर दवाखान्याची माणसं येऊन ते घेऊन गेली. पुढच्या आठवड्यात काकू आमच्या ओसरीवर येऊन बसल्या आणि म्हणाल्या, "दीड वरीस त्या मशीनची घरघर ऐकत झोपले. आता घरात आवाजच न्हाई गं. दुपारी पडलं तरी डोळा लागत न्हाई." आत्या काज करत होत्या. 

दुसऱ्या दिवशी त्यांनी माझ्या नवऱ्याला आणि समोरच्या दोघांना बोलावून आपलं शिवणाचं मशीन उचलायला लावलं आणि काकूंच्या पुढच्या खोलीत नेऊन ठेवलं. "माझ्याकडं उजेड कमी पडतोय," त्या म्हणाल्या. आख्ख्या गावात त्यांच्या घराइतका उजेड कुणाकडे नाही हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. 

आता दुपारी काकूंच्या घरातून मशीनची खडखड ऐकू येते. परवा मी चहा घेऊन गेले. काकू भिंतीकडे तोंड करून गाढ झोपल्या होत्या. आत्यांनी मला बघून ओठांवर बोट ठेवलं. सुईखाली कापड नव्हतं. त्या नुसत्याच पायडल मारत होत्या.