एकाच किल्लीचे दोन धनी

माझी सून सोनाली लई शिकलेली, पण दूध उतू गेलं तरी लॅपटॉपातनं मान वर काढायची न्हाय. येरमाळ्याजवळच्या आमच्या वस्तीवर रेंज नावालाच. विहिरीपाशी बिबट्याचं ठसं दिसलं आन् तिनं ध्यास घेतला, टॉवरबिगर फोन थेट फोनशी बोलवायचा. मधे कुणी मालक न्हाय. त्याच्यासाठी कुणीतरी लिहून फुकट ठेवलेला कोड असतो, त्याला लायब्ररी म्हणत्यात म्हणं. खांबांवर वायफायच्या डब्या बांधल्या. मग विरजण द्यावं तसं लॅपटॉपवरचं सगळं तिनं आमच्या ह्यांच्या फोनात उतरवलं आन् म्हणाली, "आत्या, झालं."

दिवस कलताना शेजारचा सिद्धेश्वर धापा टाकत आला. "तात्या कुठंयत? बिबट्या तुमच्या उसात शिरलाय."

हे उसाच्या पल्याड पाण्याच्या मोटारीवर गेलेले, आन् येणार ते उसातल्याच पायवाटेनं. सिद्धेश्वर हाका मारत बांधानं पळाला, पण मोटारीच्या आवाजात कोण ऐकतंय?

सोनालीनं निरोप धाडला. जाईना. परत धाडला. तिनं पडद्यावरचं वाचलं. "आत्या, हे यंत्र म्हणतंय, तो फोन म्हंजी मीच."

दर यंत्राला आपली ओळख सांगणारी येगळी किल्ली लागती. हिनं सगळं उतरवताना एकच किल्ली दोन्हीकडं घातलेली. आता आपण आपल्यालाच निरोप कसा धाडायचा?

"अगं भवाने, मग कर की कायतरी."

तिनं स्वतःचीच किल्ली पुसली, लॅपटॉपला नवी दिली आन् लिहिलं, "उसातनं येऊ नका, बिबट्या हाय." गेलं. उत्तर आलं, "कोण तू?"

नव्या किल्लीनं नावबी नवं झालेलं. फसवणुकीच्या फोनांनी पोळलेला माणूस, अनोळखी नावावर इश्वास कसा ठेवंल? सोनालीची बोटं चालंनात. म्या लॅपटॉप ओढला. "ह्यात बोलता येतंय का?" तिनं बटण दाबलं.

"अहो, म्या हाय. बांधाबांधानं या. उसात पाय टाकाल तर माझी शपथ हाय तुमाला."

मग काहीच आलं न्हाय. सोनाली रडाय लागली, "माझ्यामुळं, आत्या." म्या तिला गप बस म्हणलं आन् ओट्यावर जाऊन बांधाकडं बघत उभी ऱ्हायले.

अंधारायच्या आत हे सिद्धेश्वरसंगट बांधावरनं आले. ओट्यावर बसले, पाणी मागितलं. तांब्या हातात तसाच धरून उसाकडं बघत ऱ्हायले.

"एक पाय उसात हुता," म्हणले. "तुझा आवाज आला."

म्या तांब्या तोंडाशी धरला, तवा कुठं दोन घोट घशाखाली गेलं.