वृंदाने सरळ केलेली वाट

वृंदा गेली त्या सकाळी मी ऑनलाइन मीटिंगमध्ये होतो. फोनवर तिच्या नवऱ्याचा, प्रसादचा मेसेज आला : ‘वृंदा गेली. पहाटे. त्रास झाला नाही.’ मी कॅमेरा बंद केला आणि मीटिंग संपेपर्यंत तसाच बसून राहिलो. मध्ये कुणीतरी मला दोनदा काही विचारलं. मी दोन्ही वेळा बरोबर उत्तर दिलं. नंतर हे आठवलं तेव्हा बरं वाटलं नाही.

दुपारी प्रसादचा फोन आला. “हेमंत, कोविडमुळे क्रिमेटोरियममध्ये दहाच माणसं चालतात. नऊ झालीत. दहावा तू ये.” मी म्हणालो, “तिच्या ऑफिसातल्या कुणाला तरी ने. त्यांनी तिच्यासोबत इतकी वर्षं काम केलंय.” तो “बरं” म्हणाला. त्याला माझा तो मोठेपणा वाटला असावा. मोठेपणा वगैरे काही नव्हता. मला त्या खोलीत उभं राहायचं नव्हतं. घरीच, वरच्या लहान खोलीत, लॅपटॉपवर मी सगळं पाहिलं. कॅमेरा उंच कोपऱ्यात होता, त्यामुळे माणसांचे चेहरे नाही, फक्त डोकी दिसत होती. शेवटी आवाज गेला आणि मग चित्रही गेलं. आता दोन महिने होत आले. त्या खोलीत मला का जाववलं नाही, ते लिहायला हवं.

वृंदा नागपूरची. तिकडे आर्किटेक्चर करून नगररचना शिकायला डब्लिनला आली आणि इथेच राहिली. ती इथल्या कौन्सिलमध्ये, रस्ते आणि वाहतुकीच्या विभागात होती. प्रसाद टॅलाच्या हॉस्पिटलात लॅबमध्ये. दोघांकडे गाडी नव्हती, आणि घ्यायचीही नव्हती. आमची ओळख एका गणपतीत झाली. आरती संपल्यावर तिने मला विचारलं, “कसे आलात?” गाडीने, म्हणालो. “लांब राहता?” नाही, दहा मिनिटं. “गाडीने दहा?” मी म्हणालो, चालतही तेवढीच लागतील. “मग गाडीला काय दर्शनाला आणलं?” आजूबाजूचे हसले. मी पुण्याचा, त्यामुळे मला राग यायला हवा होता. पण मीही हसलो. पुढच्या आठवड्यात ‘अहो-जाहो’ संपलं.

तिच्या पर्समध्ये मेजरिंग टेप असायची. फूटपाथ अरुंद दिसला की ती खाली बसून माप घ्यायची, आणि आम्ही सोबत असलो तर टेपचं दुसरं टोक आम्हाला धरायला लावायची. “हे बघ, इथून बाबागाडी जाते, पण बाबागाडी आणि माणूस एकत्र जात नाही. म्हणजे आईने रस्त्यावर उतरायचं. ठरवलं कुणी हे?” ती आवाज चढवून बोलत नसे. हवामान सांगावं तसं सांगायची.

डब्लिनच्या उपनगरातल्या ॲडम्सटाउन स्टेशनच्या अलीकडे आमची वसाहत आहे. आमची गल्ली एका भिंतीशी संपते. भिंतीपलीकडे गवताचा पट्टा, मग वृंदाची वसाहत, मग स्टेशन. रेल्वेगाडी आल्याचा आवाज मला स्वयंपाकघरात ऐकू येतो. पण ती पकडायची तर आधी आमच्या वसाहतीच्या तोंडाशी जायचं, मग मोठा रस्ता, मग राउंडअबाउट. दोन किलोमीटर. म्हणून आमच्या गल्लीतले सगळे स्टेशनला गाडीने जातात. वृंदा म्हणायची, “सरळ रेषेत तुझं घर चारशे मीटर. चहाला बोलावलं तर तू किल्ली शोधतोस. काय करून राहिले रे तुम्ही लोक?”

पहिल्या लॉकडाउननंतर, २०२०च्या उन्हाळ्यात, चालण्या-सायकलीच्या वाटांच्या छोट्या कामांना एकदम जोर आला. रस्ते रिकामे होते, माणसं पायी फिरत होती. त्या कामांत आमच्या भिंतीचं काम वृंदाच्या टेबलावर आलं : भिंतीला मोकळी जागा पाडायची आणि गवतातून स्टेशनपर्यंत वाट न्यायची. आपण पलीकडेच राहतो हे तिने ऑफिसला लेखी कळवलं. निर्णय तुझा नाहीच, तू फक्त आराखडा काढ, असं तिला सांगण्यात आलं.

जूनमध्ये तिच्या मागच्या अंगणात आम्ही अंतर राखून बसलो होतो. तिने नकाशा टेबलावर पसरला, चार कोपऱ्यांवर चार मग ठेवले. “इथे मी चूक करून बसलेय,” ती म्हणाली आणि बोट ठेवलं. वाट सरळ नेली तर आमच्या गल्लीतल्या दोन गाड्यांची जागा जात होती. लोक ओरडतील म्हणून तिने भिंतीजवळ वळण घेतलं होतं. “पण या वळणावर एकाही घराची खिडकी येत नाही. कुणाची नजर नाही. संध्याकाळी स्ट्रोलर ढकलत एकटी बाई इथून जाईल का? मी नाही जाणार.” मी म्हणालो, मग बदल की. ती म्हणाली, “बदलीन. आधी लोकांचं येऊ दे. पार्किंगला हात लावला की लोक नकाशासुद्धा उघडत नाहीत.”

तीन आठवड्यांनी खांबावर नोटीस लागली आणि हरकती मागवल्या गेल्या. आमच्या रहिवासी समितीचा प्रमुख जेरी, निवृत्त माणूस, माझ्या दारात आला. आम्ही इथे राहायला आलो त्या वर्षी त्याने न विचारता आमच्या कुंपणाची झुडपं कापून दिली होती. “पलीकडची पोरं इकडे येऊन धिंगाणा घालतील,” तो म्हणाला. “आम्हाला पत्र हवंय. तू लिहिण्यात ग्रँड आहेस.” सात वर्षांत गल्लीने माझ्याकडे पहिल्यांदा काहीतरी मागितलं होतं. मी हो म्हणालो.

पत्रात मी पाच मुद्दे लिहिले. चार मुद्दे तेच, जे कुठल्याही वसाहतीत कुणीही लिहितं. तिसरा मुद्दा वृंदाचा होता. वळणावर खिडकी नाही, कुणाची नजर नाही, स्ट्रोलर ढकलणारी एकटी बाई… तिची वाक्यं मी जवळजवळ तशीच इंग्रजीत नेली. आराखडा काढणारी बाई पलीकडेच राहते, हेही घालू या, असं जेरी म्हणाला. ते मी घालू दिलं नाही आणि त्याबद्दल स्वतःची पाठ थोपटली. खाली समितीचं नाव होतं, माझं नव्हतं.

सप्टेंबरमध्ये योजना पुढे ढकलली गेली, आणि कारण तिसरा मुद्दाच होता. वृंदाने फोन केला. “हेमंत, आपलं दार नाही उघडलं रे.” मी म्हणालो, “अरेरे.”

हा शब्द मी खरोखर उच्चारला. आवाजात वाईट वाटल्याचा सूरही आणला.

ऑक्टोबरमध्ये तिच्या आजाराचं निदान झालं. स्वादुपिंडाचा कॅन्सर, उशिरा सापडलेला. घरून जमेल तसं ती काम करत राहिली. त्या महिन्यांत कुणाच्या घरात जायची परवानगी नव्हती, पण बाहेर एकासोबत चालता येत होतं. जानेवारीच्या शेवटी मी तिला शेवटचं भेटलो, तिच्या वसाहतीतल्या बाकापाशी. तिने दोन टोप्या घातल्या होत्या, एकावर एक. पन्नास पावलं चालून ती बसली.

“वळण काढून टाकलं मी,” ती म्हणाली. “वाट सरळ नेली. तुझी दुसरी गाडी असते ना, तिथून. आता ती पूर्ण तुझ्या सिंकच्या खिडकीतून दिसते.” मग माझ्याकडे न बघता म्हणाली, “तिसरा मुद्दा बरोबर होता.”

मी म्हणालो, “कुठला मुद्दा?”

तिने मान वळवून माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. फूटपाथ मोजताना आकडा कमी भरला की ती जसं पाहायची, तसं. “काही नाही,” ती म्हणाली. “प्रसादने आज आल्याचा चहा केला होता. बिघडवला.” मी तिला दारापर्यंत सोडलं आणि दोन किलोमीटर चालत घरी आलो. वाटेत तीनदा फोन काढून खिशात ठेवला. नंतर पाच आठवडे होते, आणि तेवढ्यात कुठल्याही दिवशी बोलता आलं असतं. ती मार्चच्या सुरुवातीला गेली.

एप्रिलमध्ये बाहेर भेटायची आणखी मोकळीक मिळाली तेव्हा मी प्रसादला चालता चालता सगळं सांगितलं. तो म्हणाला, “तिला माहीत होतं. ते पत्र तिने मला वाचून दाखवलं होतं. म्हणाली, बघ, माझं वाक्य माझ्यापेक्षा चांगलं लिहिलंय त्याने.” मी माफी मागायला लागलो तसं त्याने हात वर केला. “मला सांगून काय होणार यार? मी काय त्या गल्लीत राहतो? तुझ्या लोकांना सांग.”

त्याच महिन्यात सुधारित आराखडा लोकांसाठी खुला झाला. तो वृंदाच्या सहकाऱ्याने पूर्ण केला असला तरी रेषा तिचीच होती. जेरी पुन्हा दारात आला. या वेळी तो जास्त चिडलेला होता, कारण दोन गाड्यांची जागा जात होती. “मागच्यासारखंच झकास लिही,” म्हणाला. मी त्याला सांगितलं, की मागच्या पत्रातला तिसरा मुद्दा मी माझ्या मैत्रिणीकडून चोरला होता, ती मैत्रीण म्हणजेच तो आराखडा काढणारी बाई, आणि ती आता नाही. जेरीने टोपी काढली. “तुझी मैत्रीण होती ती? अरे, मग सांगायचंस ना. मी दुसऱ्या कुणाला तरी विचारलं असतं.”

एवढंच होतं ते. त्या उन्हाळ्यात मी ‘नाही’ म्हणालो असतो, तर गल्लीत काहीही झालं नसतं. जेरी शेजारच्या दारात गेला असता.

या वेळी मी पत्र स्वतःच्या नावाने, घर क्रमांकासह दिलं. त्यात एवढंच : आराखड्याला पाठिंबा आहे. आधीच्या हरकतीचा मसुदा मी लिहिला होता. नव्या आराखड्यात वाट सरळ केल्यामुळे त्यातला तिसरा मुद्दा उरत नाही. कौन्सिलच्या वेबसाइटवर पत्रं सगळ्यांना वाचता येतात, त्यामुळे गल्लीनेही ते वाचलं. गल्लीचा व्हॉट्सॲप ग्रुप दोन दिवस शांत होता. मग कुणीतरी कचऱ्याच्या डब्यांबद्दल काहीतरी लिहिलं. जेरी अजून हात करतो, पण थांबत नाही.

निर्णय अजून व्हायचा आहे. तो नाही असाही येऊ शकतो. दुसरी गाडी मी आता तिथे लावत नाही, वरच्या रस्त्यावर ठेवतो. त्यामुळे ती जागा रिकामी असते, थेट भिंतीपर्यंत. संध्याकाळची भांडी हल्ली मी हाताने घासतो. डिशवॉशर बिघडलाय का, असं मुलगी इंग्रजीत विचारते. मी मराठीत नाही म्हणतो. डब्लिनहून गाडी येते, तिचा आवाज भिंतीवरून इकडे येतो, आणि मी खिडकीतून त्या रिकाम्या जागेकडे बघत उभा असतो. भिंतीआड अजून वाट नाही, कुणी येत नाही. पण आराखड्यात माझ्या खिडकीपासून त्या वाटेपर्यंत नजरेची एक बारीक तुटक रेषा आहे. खिडकीत कुणीतरी बघत असेल, असं वृंदाने धरलेलं आहे.